हिमोग्लोबिन कमी, तरी दम लागत नाही: तिबेटी रक्ताचं कोडं

कोरडा_पाऊस

गेल्या सप्टेंबरात लडाखमधल्या त्सो मोरीरी तळ्याच्या काठी कोर्झोकला दोन रात्री राहिलो. उंची साधारण ४,५०० मीटर. लेहमध्ये तीन दिवस काढून मगच वर गेलो होतो, तरी पहिल्या रात्री डोक्यात कुणीतरी उखळ-मुसळ घेऊन मिरच्या कांडत होतं. करोनाच्या वेळी घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर बायकोने आठवणीने पिशवीत टाकलं होतं. माझा आकडा ८१.

आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या तिबेटी वंशाच्या बाई साठीच्या पुढच्या. सगळे त्यांना आमा-ले म्हणत. सकाळी त्या पाठीवर शेणाच्या गोवऱ्यांचं पोतं घेऊन उतारावरून वर आल्या, पोतं टेकवलं आणि लगेच आमच्या चहाची चौकशी. श्वाससुद्धा चढलेला नाही. मी गंमत म्हणून त्यांच्या बोटाला यंत्र लावलं. मला वाटलं ९८ येणार. आला ८७! पुण्यात हा आकडा दिसला असता तर मी चप्पल न घालता रिक्षा शोधायला धावलो असतो. त्या मात्र यंत्राच्या लाल दिव्याकडे बघून हसत होत्या.

परत आल्यावर वाचत सुटलो. माझी समजूत अशी की हवेत ऑक्सिजन कमी, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वर राहणाऱ्यांचं हिमोग्लोबिन आभाळाला टेकलेलं असणार. (आमच्या आईच्या राज्यात बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे यांचा एकच हेतू होता: हिमोग्लोबिन वाढवा.) तर तसं काही नाही. सिंथिया बील या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तिबेट आणि बोलिव्हिया दोन्हीकडे, साधारण ४,००० मीटरवर राहणाऱ्या लोकांची रक्तं तपासली. बोलिव्हियातल्या आयमारा पुरुषांचं हिमोग्लोबिन सरासरी १९ च्या वर. तिबेटी पुरुषांचं १५.६. म्हणजे कोथरूडमधल्या कुठल्याही धडधाकट माणसाइतकं! वर तिबेटींच्या रक्तातली ऑक्सिजनची टक्केवारीही आयमारांपेक्षा कमी. दोन्ही आकडे कमी, म्हणजे रक्ताच्या प्रत्येक थेंबात ऑक्सिजनही कमीच. आणि तरी ही माणसं डोंगर चढतात, जड पोती वाहतात, सहा-सहा मुलं वाढवतात.

कारण मला कळलं ते असं. सोसायटीच्या टाकीतलं पाणी खाली गेलं की फ्लोटमुळे पंप आपोआप सुरू होतो ना, तशी सोय आपल्या शरीरात आहे. ऑक्सिजन घटला की एचआयएफ नावाची प्रथिनं जागी होतात, मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन सुटतं आणि हाडांतला मगज तांबड्या पेशी बनवायला लागतो. (हा फ्लोट शोधल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं.) त्यातल्या एचआयएफ-२ च्या एका भागाचा आराखडा ज्या जनुकात असतो त्याचं नाव ईपीएएस-१. २०१० साली काही आठवड्यांच्या अंतराने तीन वेगवेगळ्या गटांचे अभ्यास आले आणि तिन्हींमध्ये हेच जनुक पुढे आलं. एका गटाने ५० तिबेटी आणि ४० हान चिनी लोकांचे जनुक ताडून पाहिले. ईपीएएस-१ मधला एक बदल तिबेटींमध्ये ८७ टक्के, हान लोकांमध्ये ९ टक्के. दोन्ही समाज तसे जवळचे, बाकी जनुकांत एवढी तफावत कुठेच नाही.

या बदलाने पंप जोरात चालत नाही, उलट त्याचा आवाज कमी होतो. टाकी अर्धी झाली तरी वॉचमन घाबरत नाही.

आता माझा प्रश्न. पंप कमी चालवून फायदा काय? जाणकारांनी सांगावं.

शेंगदाणा_कूट

धागा झकास. वाचनखूण साठवली. उखळ-मुसळ अगदी पटलं, खारदुंगला खिंडीपाशी माझ्या डोक्यात तर डाळमिल चालू होती.

डॉक्टर_गल्लीतले

रक्त घट्ट होतं, हे उत्तर. हिमोग्लोबिन २१-२२ च्या पुढे गेलं की रक्त काकवीसारखं वाहायला लागतं. हृदयाला ते ढकलताना जड जातं, गुठळ्या होतात, डोकं दुखतं, ओठ-नखं जांभळी पडतात, झोप उडते. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी १९२५ मध्ये हा आजार नोंदवला, म्हणून त्याला मोंगेचा आजार म्हणतात. पेरूत ला रिंकोनादा नावाचं सोन्याच्या खाणीचं गाव आहे, सुमारे ५,१०० मीटरवर. तिथे हे रुग्ण चिक्कार. उपाय काय, तर खाली उतरा. नाहीतर रक्त काढून टाका, आणि ते पुन्हा वाढतं.

म्हणजे तांबड्या पेशी वाढवणं ही आपल्या शरीराची तात्पुरती तोड आहे. पंधरा दिवसांच्या ट्रेकला ठीक. जन्मभर तेच चालू राहिलं तर औषधच दुखणं होतं. आयमारा लोकांनी ती किंमत बऱ्याच प्रमाणात मोजली, तिबेटींनी टाळली.

मग काम भागतं कसं? कोरडा_पाऊस यांनी प्रत्येक थेंबातला ऑक्सिजन मोजला, पण मिनिटाला किती थेंब पोचतात ते नाही मोजलं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४,२०० मीटरवरच्या तिबेटींच्या हातातला रक्तप्रवाह समुद्रसपाटीवरच्या लोकांच्या दुपटीहून जास्त निघाला. त्यांच्या रक्तात नायट्रिक ऑक्साइडपासून बनणारी द्रव्यं कितीतरी पट जास्त असतात, त्यामुळे रक्तवाहिन्या सैल, रुंद राहतात. टँकर अर्धा भरलेला, पण खेपा दुप्पट आणि रस्ता चौपदरी. शिवाय ते बसल्या जागीही आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतात. आणि फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या: आपल्या त्या उंचीवर आवळतात, दाब वाढतो, फुप्फुसात पाणी होतं. त्यांच्या फारशा आवळत नाहीत.

जाता जाता एक दटावणी. हे वाचून कुणी घरातल्या बायकांच्या लोहाच्या गोळ्या बंद केल्या तर मी धाग्यावर येऊन भांडेन. सपाटीवर ९ हिमोग्लोबिन म्हणजे पंडुरोगच, त्यात तिबेटी काही नाही. आईंचे खजूर चालू ठेवा.

निवृत्त_सुभेदार

राम राम मंडळी. सातारा जिल्हा. लडाखमध्ये दोन वेळा पोस्टिंग झालं. आम्हाला जनुकबिनुक कुणी सांगितलं नाही, पण शिस्त होती: ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, १२ ते १५ हजारावर चार दिवस, त्यावर आणखी चार. पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं. ज्याला फार मर्दुमकी दाखवायची असते तोच पहिला स्ट्रेचरवर येतो. व्यायामाने कमावलेलं शरीर तिथे कामाचं नाही.

आमच्याबरोबर लडाख स्काउट्स या स्थानिकांच्या पलटणीतली पोरं असायची. आम्ही पाच पावलं टाकून थांबायचो, ती गाणी म्हणत पुढे. आम्ही म्हणायचो, यांची फुप्फुसं दोन जादा आहेत.

डॉक्टर_गल्लीतले

सुभेदारसाहेब, सलाम. तुमच्या सहा-चार-चारमागे पोळलेले अनुभव आहेत. १९६२ च्या युद्धात सपाटीवरचे जवान घाईघाईने वर चढवले गेले आणि थंडी-उंचीनेच कित्येकांना गाठलं. पुढे लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांवरचा अभ्यास १९६९ मध्ये छापला. उंचीच्या आजाराबद्दल जगभरात आजही त्याचा हवाला देतात.

तर्कटराव

लेख चांगला, पण "पिढ्यान्‌पिढ्या वर राहून शरीराने सवय करून घेतली" या वळणावर प्रतिसाद जाणार हे दिसतंय, म्हणून आधीच सांगतो. सवय वारशाने मिळत नाही. सुभेदारांना चौदा दिवसांत झाली ती सवय. तिबेटींचं आहे ती निवड. ज्यांच्याकडे तो बदल होता त्यांची मुलं जास्त जगली, एवढंच. आणि "जास्त जगली" या शब्दांच्या मागे बाकीच्यांची मेली, असा अर्थ असतो.

दुसरं. २०१० च्या त्या ५० तिबेटींच्या अभ्यासात हान आणि तिबेटी जेमतेम ३,००० वर्षांपूर्वी वेगळे झाले असा अंदाज होता, आणि "माणसातली सर्वांत वेगवान उत्क्रांती" अशा बातम्या झळकल्या. पुरातत्त्ववाल्यांनी तेव्हाच नाकं मुरडली होती. त्यांचं बरोबर निघालं. पठारावर न्वा देवू नावाची जागा आहे, ४,६०० मीटरवर. तिथली दगडी पाती ३० ते ४० हजार वर्षं जुनी आहेत. बारमाही गावं मात्र फार नंतरची: साधारण ३,६०० वर्षांपूर्वी थंडी सोसणारं जव हाताशी आलं, तेव्हा कुठे शेतकरी ३,००० मीटरच्या वर टिकून राहायला लागले. तोच जव भाजून दळला की त्सम्पा.

कोरडा_पाऊस

तर्कटराव, ३,००० वर्षांचा अंदाज चुकला, मान्य. आणि त्यातून जो प्रश्न निघतो तो मला सगळ्यात भारी वाटला: इतका कामाचा बदल इतक्या लवकर आला कुठून?

उत्तर २०१४ मध्ये मिळालं. एमिलिया ह्युर्ता-सांचेझ आणि रास्मुस नील्सन यांच्या गटाने तिबेटींच्या ईपीएएस-१ चा तुकडा जगभरच्या माणसांशी जुळवून पाहिला, कुठेच धड जुळेना. मग डेनिसोव्हन लोकांशी जुळवला आणि चपखल बसला. डेनिसोव्हन म्हणजे निअँडरथलांचे चुलत, आता नामशेष झालेले. सैबेरियातल्या अल्ताय पर्वतातल्या डेनिसोवा गुहेत २००८ मध्ये करंगळीच्या हाडाचा एक कण सापडला, त्यातून स्वांते पेबो यांच्या लायपझिगच्या प्रयोगशाळेने सबंध मानवजमात ओळखली. (पेबोंना २०२२ चं नोबेल.) म्हणजे आमा-लेंच्या रक्तातला वॉचमन आपल्या जातीचा नाहीच! कधीकाळी दोन मानवजाती भेटल्या, मुलंबाळं झाली, आणि त्या घराण्यातला हा एक दागिना वारशाने आला. २०२१ च्या एका विश्लेषणानुसार ही उसनवारी सुमारे ४८ हजार वर्षांपूर्वीची, पण निवडीचा जोर सुरू झाला तो सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी. मधली चाळीसेक हजार वर्षं दागिना ट्रंकेत पडून होता, कुणी घातलाच नाही. वर राहायला गेले तेव्हा बाहेर निघाला.

तर्कटराव

इथे एक खुसपट. डेनिसोवा गुहा जेमतेम ७०० मीटरवर आहे. तिथल्या लोकांना उंचीच्या जनुकाचं काय लोणचं घालायचं होतं?

कोरडा_पाऊस

हाच प्रश्न संशोधकांनाही छळत होता. :) गान्सू प्रांतात, तिबेटी पठाराच्या ईशान्य कडेला, बैशिया नावाची गुहा आहे, ३,२८० मीटरवर. १९८० मध्ये एक बौद्ध भिक्खू तिथे प्रार्थनेला गेला होता, त्याला अर्धा जबडा सापडला. दोन दाढा शाबूत. त्याने तो आपल्या गुरूंना दिला, तिथून तो लानचौ विद्यापीठात गेला आणि बरीच वर्षं कपाटात राहिला. २०१९ मध्ये दाढेतली प्रथिनं तपासली तर डेनिसोव्हन! वय किमान १,६०,००० वर्षं. म्हणजे आपल्यातलं कुणी पठारावर पाय ठेवायच्या कितीतरी आधी ही मंडळी उंचावर नांदत होती. त्या जबड्यात डीएनए मिळालेलं नाही, त्यामुळे त्यांच्याकडे नेमका हाच तुकडा होता की नाही ते त्यावरून सांगता येत नाही. पण तुमच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण तरी उघडलं.

पाणपक्षी

अवांतर, पण अगदीच नाही. आमचे पट्टकदंब विसरू नका! हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर, जायकवाडीला थवेच्या थवे उतरतात, डोक्यावर दोन काळे पट्टे. हे हिमालय ओलांडून येतात. अंगावर यंत्र बांधून मोजलं तेव्हा एकाने ७,३०० मीटरच्या आसपास उंची गाठली होती. यांनी वेगळाच रस्ता धरलाय: हिमोग्लोबिनचा रेणूच बदललाय, त्यामुळे तो विरळ हवेतूनही ऑक्सिजन घट्ट पकडतो.

आणि तिबेटी मॅस्टिफ कुत्रा? त्याचंही ईपीएएस-१ बदललेलं आहे, आणि ते त्याला तिबेटातल्या लांडग्यांकडून मिळालं. माणसाने डेनिसोव्हनांकडून उसनं घेतलं, कुत्र्याने लांडग्याकडून. जनुक तेच! हे वाचून मी रात्री बायकोला उठवून सांगितलं. प्रतिसाद छापण्यासारखा नाही.

हिरडा_बेहडा

कुणीच आयुर्वेदाचा उल्लेख केला नाही याचं नवल वाटतं. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेच्या संशोधकांनी २०१० मध्येच ईजीएलएन-१ या जनुकाबद्दल लिहिलंय. त्यांनी लोकांची वात-पित्त-कफ प्रकृती वैद्यांकडून ठरवून घेतली आणि टोकाच्या प्रकृतींचे जनुक तपासले. या जनुकाचं एक रूप कफ प्रकृतीत जास्त, पित्तात कमी निघालं. तेच रूप उंचीवर फुप्फुसात पाणी झालेल्या रुग्णांत जास्त सापडलं आणि उंचीवरच्या मूळ रहिवाशांत जवळजवळ नव्हतंच. आता बोला.

तर्कटराव

बोलतो. अभ्यास खरा आहे, चांगल्या नियतकालिकात आला आहे, आणि ईजीएलएन-१ महत्त्वाचंच: एचआयएफला ऑक्सिजन असताना मोडीत काढणारा कारकून त्याच्यापासून बनतो. तिबेटींमध्ये त्यातही स्वतंत्र बदल आहे. पण प्रकृतीच्या टोकाच्या गटांत माणसं मोजकी होती. यावरून "कफवाल्यांनी लेहला जाऊ नये" असा फलक लावता येत नाही आणि "त्रिदोष सिद्ध झाले" असाही नाही. हिरडा_बेहडा, वाद वैयक्तिक नाही, माझी स्वतःची प्रकृती कफाचीच आहे.

हिरडा_बेहडा

ते तुमच्या प्रतिसादांच्या लांबीवरून कळलं होतंच. :)

माईंचा_फळा

मी जीवशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त. सगळे पुरुष फुप्फुसं आणि गड चढण्याबद्दल बोलताय. निवडीचा खरा आखाडा बाळंतपणाची खोली आहे, ते कुणी लिहिलंच नाही.

उंचीवर गर्भाला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, मूल कमी वजनाचं होतं, आईचा रक्तदाब वाढतो. तिबेटात एकाच उंचीवर हान आईचं आणि तिबेटी आईचं बाळ तोललं तर तिबेटी बाळ जास्त भरतं, कारण गर्भाशयाकडे रक्त जास्त जातं. ज्या बीलबाईंचा उल्लेख वर आलाय, त्यांच्याच गटाने नेपाळच्या अप्पर मुस्तांगमध्ये ३,५०० मीटरच्या वर राहणाऱ्या ४१७ बायकांना, वय ४६ ते ८६, त्यांच्या बाळंतपणांबद्दल विचारलं आणि रक्तही तपासलं. सरासरी प्रत्येकीला ५.२ जिवंत मुलं झालेली. ज्यांची सर्वांत जास्त, त्यांचं हिमोग्लोबिन मधोमध: फार नाही, फार कमी नाही. पण होतं ते ऑक्सिजनने जास्त भरलेलं. रक्त घट्ट न होता ऑक्सिजन पोचत होता. हा अभ्यास २०२४ चा आहे. म्हणजे निवड संपलेली नाही, मुस्तांगच्या त्या म्हाताऱ्यांच्या हयातीत चालू होती.

तर्कटरावांनी "बाकीच्यांची मेली" असं एका वाक्यात उरकलं. वर्गात मी तिथे थांबत असे. ८७ टक्के हा आकडा किती बाळांच्या हिशोबाने झाला असेल, ते पोरांना मनात मोजू देत असे.

कोरडा_पाऊस

माई, दंडवत. आमा-लेंनी चहा देताना सांगितलं होतं, आठ झाली, पाच आहेत. मी मान डोलावली आणि पाव खाल्ला. आज त्याचा अर्थ लागतोय.

गोंदियाकर

राजेहो, आमच्या जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. १९७२ पासून. आजूबाजूला धानाची शेतं आणि उन्हाळ्यात ४५ डिग्री. हिवाळा लागला की त्यातले लोक गावोगाव स्वेटर विकायला बसतात. आता मला सांगा, या लोकांच्या त्या जनुकाचं इथे काय होते? गंजून जाते का?

डॉक्टर_गल्लीतले

गंजत नाही. पन्नास वर्षं म्हणजे दोन-अडीच पिढ्या, त्यात जनुकाचं प्रमाण ढिम्म हलत नाही. ऑक्सिजन भरपूर असला की पंप तसाही बंदच असतो, त्यामुळे वॉचमन शांत आहे की घाबरट, हा प्रश्नच येत नाही. नातवंडं पुन्हा ल्हासाला गेली, ३,६५० मीटरवर, तर वारसा तसाच हजर.

गोंदियाकर

अस्सं! पण मग एक गोष्ट सांगतो. दरवर्षी ज्याच्याकडून स्वेटर घेतो तो पोरगा वसाहतीतच जन्मलेला, झाडीबोली आपल्यापेक्षा फर्राट बोलते. दोन वर्षांमागे मावसभावाच्या लग्नाला लेहला गेला, नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून विमानाने थेट. उतरल्या संध्याकाळी नाचला. मग दोन दिवस ओकत पडला. सगळे नातेवाईक त्याला हसत होते म्हणे, तू कसला तिबेटी, तू तर गोंदियाचा!

डॉक्टर_गल्लीतले

होऊ शकतं. प्रत्येक तिबेटीकडे तो बदल असतोच असं नाही. आणि असला तरी विमानाने तास-दीड तासात ३,५०० मीटर चढलेल्या शरीराला थोडे दिवस लागतातच. जनुकाने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

निवृत्त_सुभेदार

आणि नाचला पहिल्याच संध्याकाळी. पहिले दोन दिवस पडून राहायचं असतं, दोन.